पोटातली चरबीची गाठ : सोनोग्राफीनंतर सीटी का?

काकू, बी-३०२: ह्यांचं पोट खूप पुढे आलंय, हातपाय मात्र वाळलेत. आम्हाला वाटलं वजन वाढलं. काल सोनोग्राफीत मोठी गाठ निघाली. रिपोर्टमध्ये ‘चरबीची गाठ असावी, सीटी करून घ्या’ असं लिहिलंय. चरबीचीच आहे तर सीटी कशाला?

सी-१०१: काकू, घाबरू नका. माझ्या दंडावर कित्येक वर्षं लायपोमा, म्हणजे चरबीची साधी गाठ आहे, काही होत नाही.

डॉक्टर ताई, ए-६०४: दादा, दंडावरची गाठ वेगळी आणि पोटातली वेगळी. काकू, सीटी टाळू नका. पोटात आधीच भरपूर चरबी असते, त्यात चरबीची गाठ सोनोग्राफीवर मिसळून जाते. ती कुठे सुरू होते, कुठे संपते ते नीट कळत नाही. सीटीवर प्रत्येक गोष्टीला आकडा असतो. पाणी शून्य, चरबी साधारण उणे १००. त्यामुळे चरबी आहे का, हे पक्कं समजतं.

काकू, बी-३०२: म्हणजे चरबी निघाली की काळजी मिटली?

डॉक्टर ताई: नाही, खरा प्रश्न तिथून सुरू होतो. गाठ कुठून निघाली? मूत्रपिंडातून, त्यावरच्या ॲड्रिनल ग्रंथीतून, आतड्याच्या पडद्यातून, की सगळ्याच्या मागे, पाठीच्या बाजूने? मग आत काय दिसतं? सगळी एकसारखी चरबी आणि केसासारखे बारीक पडदे असतील तर साधा लायपोमा असू शकतो. पडदे २ मिलिमीटरहून जाड असतील, मध्ये घट्ट गोळा असेल किंवा कॉन्ट्रास्ट (फोटो स्पष्ट यावा म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) दिल्यावर तो भाग उजळत असेल, तर लायपोसार्कोमाचा संशय येतो. तो कॅन्सर आहे. आणि मागच्या बाजूला साधा लायपोमा इतका दुर्मिळ, की तिथली मोठी गाठ तपासून खात्री होईपर्यंत साधी मानतच नाहीत. लायपोमा आणि लायपोसार्कोमा फोटोत अगदी सारखे दिसू शकतात. तेव्हा सुईने तुकडा काढून एमडीएम२ या जनुकाची तपासणी करतात.

डी-२०५: एमआरआय बरा नाही का? रेडिएशन नसतं.

डॉक्टर ताई: चांगलाच आहे. त्यात चरबीचा सिग्नल दाबता येतो, मग चरबी काळी पडते आणि बाकीचं उठून दिसतं. पण पूर्ण पोटाचा नकाशा सर्जनला बहुधा सीटीतूनच हवा असतो.

बी-४०१: आमच्या गावी एक काढा देतात, गाठ विरघळते म्हणे.

डॉक्टर ताई: कृपा करून नको. या गाठी काढ्याने किंवा वजन उतरवून जात नाहीत, वेळ मात्र जातो. काकू, जाताना क्रिएटिनिनचा (मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट न्या. काकांना शुगरच्या गोळ्या असतील, पूर्वी कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी झाली असेल तर आधी सांगा. फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरला दाखवायची वेळ आली तर तिचाच उपयोग होतो. आणि घाईने कुठेही ऑपरेशन ठरवू नका. सार्कोमा निघाला तर पहिल्याच ऑपरेशनला तो न फोडता, आजूबाजूच्या भागासकट निघायला हवा. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी हे रोजचं काम आहे.

काकू, बी-३०२: बुधवारची वेळ मिळालीय. मुलगा बंगळुरूला असतो.

डी-२०५: काकू, गाडी मी काढतो. किती वाजता निघायचं तेवढं कळवा.

डॉक्टर ताई: सीडी मिळाली की रात्री कितीही वाजता वर घेऊन या, मी जागीच असेन.