पानिपतानंतरची प्रेमकथा, दोघंही हेर: कोणतं वर्ष धरावं, निरोप कसे पोचवावेत?

बोरू_आणि_शाई

कादंबरीचा आराखडा बराचसा झालाय, पण पाया भुसभुशीत वाटतोय म्हणून जाणकारांना विचारते.

नायक फडावरचा, म्हणजे सरकारी लेखन-कचेरीतला, कारकून. मार्च १७६० मध्ये परतुडाहून भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर उत्तरेत गेला, पानिपतानंतर बेपत्ता. बायको पुण्यात, माहेरी. मोहिमेआधी हिशेबाच्या एका चौकशीत त्याने तिच्या भावाविरुद्ध साक्ष दिली, भाऊ कैदेत गेला, तेव्हापासून ती सासरी नांदायला गेलेली नाही. म्हणजे युद्धाने जोडी तोडली नाही, ती आधीच तुटलेली होती. तिला मोडी वाचता-लिहिता येतं. पुढे दोघं समोरासमोर येतात ती एकमेकांविरुद्ध काम करणारे हेर म्हणून.

अडलेय ती इथे. घटना १७६१ मध्येच ठेवू की पुढे नेऊ? गुप्त निरोप आणि पैसा प्रत्यक्षात कसा फिरायचा? चारचौघांत एक शब्दही न बोलता ती दोघं एकमेकांना काही सांगू शकतील का? आणि नवरा बेपत्ता असताना तिने कुंकू लावायचं की नाही?

तलवारी घेऊन तटावरून उड्या मारणारी नायिका नकोय.

कऱ्हाकाठ

१७६१ घेऊ नका. त्या वर्षी जो तो बातमी शोधत होता, लपवण्यासारखं फारसं कोणाकडे नव्हतं. जानेवारीत लढाई, वाचलेले लोक सुरजमल जाटाच्या मुलखात आणि तिथून ग्वाल्हेरकडे, मार्चमध्ये अब्दालीने दिल्ली सोडली, २३ जूनला नानासाहेब पर्वतीवर वारले. शोककथेला उत्तम काळ, पण हेरकथेला लागणारा डाव त्यात नाही.

१७६३ घ्या. नोव्हेंबर १७६२ मध्ये घोडनदी आणि आळेगावला चुलत्या-पुतण्यांतच लढाई झाली आणि माधवराव राघोबादादांच्या स्वाधीन झाले. दादांनी मिरजेवर हात टाकला तसे गोपाळराव पटवर्धन निजामाकडे गेले. नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडेच. निजामअलीचा दिवाण विठ्ठल सुंदर हा स्वतः ब्राह्मण, त्यामुळे त्याच्या फडावर एखादा मराठी कारकून बसलेला दाखवला तर कोणाच्या भुवया उंचावणार नाहीत. दोन्ही छावण्यांत तीच भाषा, तीच लिपी, कित्येकदा तीच आडनावं. तुमच्या नायकाला शत्रुपक्षात बसवायला गद्दार करायची गरजच उरत नाही. घरी तोंड दाखवायचं नाही आणि लेखणीशिवाय दुसरं काही येत नाही, एवढं कारण पुरे.

कथेचा कणाही आयता मिळतो. त्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणं लुटलं, जाळलं, माणसं सिंहगडाच्या आसऱ्याला पळाली. त्याच सुमारास पेशव्यांनी जानोजींशी आतून बोलणी लावली आणि ३२ लाखांचा मुलूख कबूल करून त्यांना फोडलं. ही बोलणी पोचवणाऱ्या साखळीत नायिका, आणि भोसले फुटताहेत का याचा माग काढायचं काम नायकाकडे. त्याला कळलं आणि त्याने सांगितलं तर ती जाते. गप्प बसला तर ज्याचं मीठ खातो ती फौज बुडते. ती बुडालीही: १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन. निजाम गोदावरी ओलांडून पैलतीरी गेलेला, विठ्ठल सुंदर अलीकडे राहिलेला, नदीला पूर. दिवाण तिथेच पडला. नायक फडाबरोबर दक्षिण तीरावर अडकला असेल तर शेवटाकडे नेणारी वाट तुम्हाला आखावी लागत नाही.

चांदण्याचा हिशेब मात्र नीट करा, ऐतिहासिक कादंबऱ्या इथे हमखास घसरतात. राक्षसभुवनाच्या वेळी श्रावण नुकताच लागलेला. कोर सूर्यापाठोपाठ मावळते, रात्र काळीकुट्ट. नदीकाठच्या भेटीत तिचा चेहरा चंद्रप्रकाशात उजळवू नका. उलट पानिपतच्या रात्री पौष शुद्ध अष्टमी होती. अर्धा चंद्र मध्यरात्रीपर्यंत आकाशात, म्हणजे पाठलाग करणाऱ्यांना उजेड आणि पळणाऱ्यांना मध्यरात्रीनंतरच आडोसा. तो निसटतो तो उत्तररात्री. आणि त्या दिवशी संक्रांत नव्हती. आज ती १४ जानेवारीला येते, तेव्हा काही दिवस आधीच होऊन गेलेली. तिळगुळाचा प्रसंग लिहिला असेल तर काढून टाका.

मोडीवाचक

वरच्या प्रतिसादाला दुजोरा. मी निरोप आणि पैसा एवढंच घेतो.

जासूद म्हणजे गुप्तहेर असं सरसकट धरू नका. जासूद आणि काशीद हे बऱ्याच अंशी उघड निरोपे. ते जोडीने निघत, कारण एक आजारी पडला, लुटला गेला किंवा फितला तरी दुसरा असावा. महत्त्वाचं पत्र दोन प्रतींत, दोन वाटांनी जाई. काशिदाच्या मजुरीला आजुरा म्हणत, आणि इतक्या दिवसांत पोचवायचं असा वायदा ठरलेला असे. वेगाचा अंदाज हवा असेल तर पानिपतचीच बातमी घ्या. मोती, मोहरा, खुर्दा अशा सांकेतिक भाषेतलं ते प्रसिद्ध पत्र एका सावकाराच्या काशिदाकडचं, आणि पेशव्यांच्या हाती पडलं भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) बाजूला, लढाईनंतर साधारण दहा दिवसांनी. अंतर आठशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे दिवसाला ऐंशी, तेही कोरड्या हिवाळ्यात. श्रावणात, नद्या भरलेल्या असताना, याच्या निम्मंसुद्धा धरू नका. तुमच्या कथेत उशीर हेच मुख्य संकट असू द्या.

दुसरी गोष्ट याच पत्रातून घ्या: सरकारी डाकेआधी सावकाराची बातमी पोचते. हेराचा खरा शत्रू पहारेकरी नसून पेढीवरचा मुनीम आहे.

पैसा रोख घेऊन कोणी हिंडत नाही. रुपयांचे नाना प्रकार, प्रत्येकाला वेगळा बट्टा, आणि परमुलखातलं नाणं कमरेला असणं हाच पुरावा. म्हणून हुंडी, म्हणजे दुसऱ्या गावच्या पेढीवर पैसे द्यायला सांगणारी सावकाराची चिठ्ठी. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटते, मुदती ठरल्या दिवसांनी. शहाजोग हुंडी असेल तर पैसे फक्त बाजारात पत असलेल्या सावकारालाच मिळतात. अनोळखी माणसाला ती थेट वटवता येत नाही, स्थानिक पेढीमार्फत जावं लागतं, आणि ती पेढी ‘तुम्ही कोण, कोणाकडचे’ विचारते. पुढे खोटी निघाली तर तोशीस तिलाच, त्यामुळे ती विचारणारच. रक्कम खोडता येऊ नये म्हणून दोनदा लिहितात: रुपये शंभर, निमे पन्नास, त्याचे दुप्पट.

हुंडी हरवली तर लिहिणारा पैठ देतो, तीही हरवली तर परपैठ. पैसे चुकते झालेली हुंडी म्हणजे खोका, तो देणाऱ्या पेढीच्या दप्तरात राहतो. तुमची ओळख पटण्याची जागा इथे आहे. तिच्यासाठी पुण्याहून निघालेली हुंडी वाटेत गहाळ होते. ती पैठ घेऊन पेढीवर जाते, मुनीम म्हणतो, मूळ हुंडी चार दिवसांपूर्वीच वटली, आणि खोका पुढे टाकतो. खोक्याच्या पाठीवर पैसे पावल्याची ओळ, नाव भलतंच, अक्षर नवऱ्याचं.

अक्षर ‘सुंदर, वळणदार’ म्हणून ओळखू देऊ नका. फडावर शिकलेल्या दहा जणांचं वळण सारखंच दिसतं. मोडीत आधी आडवी रेघ मारून घेतात आणि शब्द न तोडता अक्षरं खाली जोडत जातात. फरक कळतो तो बोरू पुन्हा शाईत कुठे बुडवला त्यावरून. ओळ जाडसर सुरू होते, फिकी होत जाते, मग एकदम काळी. कोणी शाई पूर्ण संपेपर्यंत ओढतो, कोणी तीन-चार अक्षरांतच बुडवतो. ही सवय खोटं नाव घेतलं तरी बदलत नाही. ज्या बाईने त्याची पत्रं वर्षभर न उघडता ठेवली आणि मग सगळी एका बैठकीत वाचली, तिला हे दिसेल.

मग प्रश्न असा की त्याने हुंडी का वटवली? पैशासाठी नव्हे. वटवली म्हणजे तिच्या साखळीला छावणीतून पैसा मिळणार नाही आणि तिला परत फिरावं लागेल. तिला वाटतं त्याने घात केला, त्याच्या लेखी तो तिला वाचवतोय. भांडण त्या दोघांच्या जुन्या भांडणासारखंच, साक्षीसारखं. प्रेमकथा इथून पेटते.

बोरू_आणि_शाई

खोका! दोन प्रकरणं मोडून पुन्हा लिहावी लागणार, पण चालेल. त्याने गोसाव्याचं सोंग घेतलं तर? आणि शब्दाविना बोलण्याचं राहिलंच.

गोदातीर

गोसावी चालेल. गोसावी तेव्हा व्यापार, सावकारी, शिपाईगिरी सगळं करत, त्यामुळे पेढीवर गोसावी दिसणं नवलाचं नाही. पण अंगाला राख फासून भागत नाही. पहिलाच प्रश्न येतो नावाचा: गिरी, पुरी, भारती की दशनामांपैकी आणखी कोणी? मग गुरू कोण, मढी कुठली, आखाडा कुठला? दुसऱ्या गोसाव्यासमोर दोन वाक्यांत सोंग उघडं पडतं. त्यामुळे त्याला गोसाव्यांच्या तळापासून लांब ठेवा, ज्यांना यातलं कळत नाही अशा सरदारांच्या राहुट्यांत फिरवा.

शब्दाविना बोलायला करपल्लवी आहे. अहिफण, कमल, चक्र, टंकार, तरू, पल्लव, यौवन, शृंगार अशा आठ खुणा. प्रत्येकीच्या पहिल्या अक्षरावरून वर्ग कळतो. नागफणीसारखा हात म्हणजे स्वर, कमळासारखा म्हणजे क-वर्ग, बोट गोल फिरवलं की च-वर्ग, आणि याच क्रमाने पुढे. मग बोटं दाखवायची, वर्गातलं कितवं अक्षर ते सांगायला. मात्रेसाठी चुटक्या.

अडचण चुटक्यांचीच. भरल्या बैठकीत चुटकी ऐकू येते. म्हणून तुमच्या जोडीला बिनमात्रेचे शब्दच वापरू द्या. ‘चल’: चक्र, एक बोट, यौवन, तीन बोटं. ‘जप’: चक्र, तीन बोटं, पल्लव, एक बोट. दोन अक्षरांचा शब्द जपमाळ ओढता ओढता किंवा पदर सारखा करताना निभावतो. तीन अक्षरांच्या पुढे गेलात की बघणाऱ्याला संशय येतो. अख्खी वाक्यं या भाषेत बोलणारी पात्रं मला कधी पटत नाहीत. घोळही इथेच घाला: दिवटीच्या उजेडात तिसरं बोट सावलीत गेलं, तर ‘जप’चं पहिलं अक्षर छ होतं. बोट दिसलं की नाही याची खात्री नसताना तिला निर्णय घ्यावा लागतो.

माजघर

कुंकवाबद्दल. भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाईंचं उदाहरण समोर आहेच. भाऊसाहेब गेले हे त्यांनी अखेरपर्यंत मानलं नाही, १७८३ मध्ये त्या वारल्या त्या सवाष्णपणातच. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायचं, असा रिवाज. त्यामुळे १७६३ मध्ये तुमची नायिका कायद्याने सवाष्णच. कुंकू लावेल. अडचण येते ती बोलावण्यात. हळदीकुंकवाला बोलावलं तर यजमानीण धास्तावते, नाही बोलावलं तर अपशकुन केल्यासारखं होतं. कोणाच्याच हिशेबात नसलेली ही बाई यात्रेला म्हणून गोदाकाठी निघाली तर घरातलं कोणी फारसं अडवणार नाही. हेरगिरीला याहून बरं आवरण सापडायचं नाही.

ब्राह्मण घर ठेवलं तर दुसऱ्या लग्नाचा प्रश्नच मिटतो. कुणबी किंवा धनगर घर घेतलंत तर पाट लागू शकतो, सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टीही घेई. मग तिने पाट का नाही लावला याचं उत्तर तुम्हाला कथेतच द्यावं लागेल.

संवादांत ती त्याचं नाव घेणार नाही. रागातसुद्धा ‘इकडून’, ‘स्वारी’ असंच आडून बोलणं. ज्या क्षणी ती सरळ ‘तुम्ही’ म्हणते, तेव्हा समोर नवरा नसून शत्रूचा कारकून उभा आहे. हे एकदाच करा, दोनदा केलंत तर वाया जाईल.

परत आल्यावर त्याला कोणी सहज घरात घेईल असंही समजू नका. भाऊसाहेबांचा तोतया निघाला, त्याचं प्रकरण १७७६ मध्ये त्याला मारेपर्यंत चाललं. पानिपताहून ‘परत आलेल्या’ माणसाकडे संशयाने पाहणं हे त्या पिढीचं वळणच. खुणा विचारतील, घरातल्या जुन्या गोष्टी विचारतील, ओळख पटवणारे साक्षीदार मागतील. निजामाच्या छावणीत दोन वर्षं काढली म्हणून प्रायश्चित्तही मागतील, त्याचा खर्च वेगळा.

मोडीवाचक

एक राहिलं. कादंबरीत पत्रं छापणार असाल तर मायन्यात इसवी सन नको. श्रावण, शके १६८५, सुभानुनाम संवत्सर. फडावरच्या कागदावर शुहूर सन, अरबी शब्दांत: अर्बा सितैन मया व अलफ, म्हणजे ११६४. महिना मुसलमानी, तारखेआधी ‘छ’. शेवटी लेखनसीमा, म्हणजे मजकूर संपल्याची खूण. तिच्या खासगी चिठ्ठीला यातलं काहीच नको, तिथे नुसती तिथी पुरते, आणि ती चिठ्ठी पकडली गेली तर वर्ष कुठलं हे शत्रूला सांगता येणार नाही.