मदत हवी आहे : कुत्र्याला घेऊन नांदूरमध्यमेश्वर, अंकाई, चांदवड (तातडीचं)

चालती_फिरती :
पुढच्या शुक्रवारी निघतोय. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर, तिथून नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी, मग येवला, अंकाई-टंकाई किल्ले आणि शेवटी चांदवडचा होळकरांचा रंगमहाल, जमलं तर राजदेहेर किल्ला. सोबत माझा ब्रुनो आहे. नेटवर एक जण म्हणतो कुत्रा चालतो, दुसरा म्हणतो अजिबात नाही. मुक्कामासाठी फोन केले तर कुत्रा म्हटल्याबरोबर समोरचा फोन ठेवतो. ब्रुनो अंकाई चढेल का आणि राहायचं कुठे, एवढंच सांगा. "कुत्र्याला घरी ठेवा" हे कृपया कुणी लिहू नका. त्याला सोडून मी जात नाही.

सह्यभटका :
ब्रुनो कोण? जात, वय, वजन काहीच लिहिलेलं नाही. हे सगळं पायी करणार का? सिन्नर ते चांदवड या वळणांनी शंभर किलोमीटरच्या वर जातं.

चालती_फिरती :
अहो, लॅब्रेडॉर आहे, माझ्या प्रोफाइलच्या फोटोत दिसतोय की. मधलं अंतर अर्थातच गाडीने. चालणं त्या त्या ठिकाणी.

निफाडकर :
ताई, मी याच भागातला. नांदूरमध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, गेटवर कुत्र्याला आत सोडणार नाहीत. चापडगावच्या बाजूने गेलात काय किंवा खाणगाव थडीच्या बाजूने, उत्तर तेच. हुज्जत घालण्यात सकाळ घालवू नका, पक्षी सकाळीच बघायचे असतात. एकाने दुर्बीण घेऊन आत जायचं, दुसऱ्याने ब्रुनोला घेऊन गावाच्या रस्त्याने फिरायचं, मग पाळी बदलायची. तुम्ही किती जण आहात?

आणि उसाच्या कडेने अंधारात फिरू नका. निफाड-सिन्नर पट्ट्यात ऊसतोड चालू आहे. फड मोकळे झाले की त्यात राहणारा बिबट्या दुसरीकडे सरकतो. आमच्याकडे रात्री कुत्री गोठ्यात आत घेतात.

रेल्वेवाला_काका :
कुत्रा रेल्वेने न्यायचा असेल तर फर्स्ट एसी किंवा फर्स्ट क्लासमध्ये दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थची केबिन पूर्ण आपल्या नावावर लागते. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी, तिचं बुकिंग पार्सल ऑफिसात. सेकंड एसी, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कार यांत नेता येत नाही. म्हणजे मनमाडला पंचवटी एक्स्प्रेसने जायचा विचार असेल तर सोडून द्या.

चालती_फिरती :
काका, गाडीने जातोय हो! आम्ही दोघं आहोत, मी आणि माझा भाऊ.

निफाडकर, पक्ष्यांना त्रास द्यायला तो जाणार नाहीये. पट्टा लावलेला असेल. भुंकतही नाही फारसा. मग अडचण काय?

पाणथळ :
अडचण भुंकण्याची नाही. टिटवीसारखे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. थवे चिखलात चरत असतात, त्यांना चार पायांचा प्राणी दिसला की सगळेच उठतात. उत्तरेकडून आलेल्या बदकांचा परतीचा प्रवास आता तोंडावर आहे, या दिवसांत अंगावर चरबी साठवायची असते. प्रत्येक उड्डाणात ती जळते. तुमचा ब्रुनो कितीही शांत असो, त्यांच्या लेखी तो कोल्हाच.

दुसरी गोष्ट रोगांची. २०१८ मध्ये गीरमध्ये वीसच्या वर सिंह दगावले, त्यांत कॅनाइन डिस्टेंपर सापडला. कुत्र्यांत सर्रास आढळणारा विषाणू आहे तो. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचं हे पाणी महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून २०२० साली जाहीर झालं. त्याच्या काठावर तरी आपल्या लाडक्याला थांबवू या. मी हे रागाने लिहीत नाही, माझ्याकडेही कुत्री आहे.

माळरान :
मूळ चूक लॅब्रेडॉर पाळण्यात आहे. थंड मुलुखातला कुत्रा, अंगावर दुहेरी केस. आपल्या हवेत कारवानीसारखा देशी शिकारी कुत्रा किंवा गावठीच पाळावा. आमचा गावठी दिवसभर डोंगर चढतो आणि तांब्याभर पाण्यावर राहतो.

सह्यभटका :
माळरान, त्यांनी कुठला कुत्रा पाळू असं विचारलेलं नाही. आठवड्यावर निघायचं आहे, आता कारवानी आणणार आहेत का? आणि गावठीलाही ऊन लागतं. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही, सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची. हवा तापली की ते पुरत नाही.

माळरान :
ऊन लागतं मान्य. पण लॅबला आधी लागतं एवढंच माझं म्हणणं. पुढे वाचणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून लिहिलं.

सातमाळा :
अंकाईबद्दल मूळ प्रश्नाचं उत्तर. चढेल. अंकाई गावातून पायऱ्यांची वाट आहे, वाटेत टंकाईची जैन लेणी, मग दोन किल्ल्यांमधली खिंड, तिथून अंकाईच्या दरवाजांतून वर. शिडी नाही. लेण्यांत त्याला नेऊ नका, ती संरक्षित आहेत. वर अगस्ती ऋषींचं स्थान आहे, गावकऱ्यांची श्रद्धा आहे, तिथेही बाहेरच थांबवा. खरी अडचण माकडांची. पिशवीतलं खायचं दिसलं की अंगावर येतात, कुत्रा त्यांच्या मागे धावला तर कड्याकडे जाईल. गळ्यातला पट्टा नको, अंगाचा हार्नेस घाला. उजाडताना चढायला लागा, दहाच्या आत खाली. काळा कातळ तापला की पंजे भाजतात. तळहात दगडावर टेकवून बघा, तुम्हाला ठेववत नसेल तर त्यालाही पाय ठेववणार नाही.

राजदेहेर विसरा. तिथे लोखंडी शिडी आहे. खांद्यावर घेऊन चढवू असं म्हणणारे भेटतील, ऐकू नका.

चालती_फिरती :
सातमाळा, मनापासून धन्यवाद, असंच उत्तर हवं होतं. राजदेहेर रद्द. फक्त ब्रुनो आठ वर्षांचा आहे, वजन ३६ किलो. चालेल ना?

सह्यभटका :
वय आणि वजन आत्ता सांगताय! पहिला प्रश्न तोच होता माझा.

गुरांची_डॉक्टर :
आठ वर्षांचा लॅब आणि ३६ किलो म्हणजे निघण्याआधी गुडघे, खुबे आणि हृदय तपासून घ्या. एरवी तो रोज किती चालतो? लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस कधी दिली होती? पाण्यात उतरतो का?

चालती_फिरती :
रोज संध्याकाळी सोसायटीत अर्धा-पाऊण तास. लसी दीड वर्षापूर्वी सगळ्या झाल्यात. पाणी दिसलं की उडी मारतोच, लॅब आहे.

गुरांची_डॉक्टर :
मग नीट वाचा. लेप्टोचं संरक्षण साधारण वर्षभरच धरतात, वर्षाच्या वर गेलं की बहुतेक वेळा पुन्हा दोन डोस द्यावे लागतात, दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने. म्हणजे उद्या टोचलं तरी पुढच्या शुक्रवारपर्यंत भरवसा धरता येणार नाही. उंदीर-घुशी आणि गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात येतात आणि कुत्र्याकडून हा रोग माणसालाही होऊ शकतो. म्हणून या खेपेला कुठल्याही तळ्यात, कालव्यात, डबक्यात उतरू देऊ नका, पाणी घरचंच पाजा. अंकाईवरही तळं आहे, तिथे पट्टा आखूड धरा. रेबीजची लस वर्षाची असेल तर तीही आत्ताच द्या, गावातली कुत्री अंगावर येणारच.

गोचिडांची गोळी निघण्याआधी द्या. रोज रात्री कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या चाचपा. गोचीडतापात आधी फक्त मरगळ येते, लोक म्हणतात दमला असेल, आणि दिवस वाया जातात. धापा थांबत नसतील, हिरड्या लालभडक झाल्या, चाल डगमगली तर सावलीत घेऊन अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तसेच दवाखाना गाठा.

निफाडकर :
पाण्यावरून आठवलं. धरणात जलपर्णी दाट आहे. वरून हिरवं मैदान वाटतं, कुत्रा जमीन समजून पाय टाकतो आणि आत जातो. डॉक्टरांचं ऐका.

लेन्सप्रेमी :
पक्ष्यांच्या फोटोंसाठी ४०० मिमीच्या लेन्सखाली जाऊ नका. पाणी आणि आभाळ उजळ असतं, पक्षी काळा येतो. एक्स्पोजर थोडं वर घ्या.

पैठणीवाली :
येवल्यात मागावर पैठणी विणताना बघा, विणकरांच्या घरी विचारून जाता येतं. रेशीम आणि जरीचे धागे असतात, कुत्र्याला आत नेऊ नका. खरेदी करायची आहे का? काठपदर काय हवा ते सांगा.

सह्यभटका :
येवला म्हटलं की सगळे पैठणीवरच थांबतात. तात्या टोपे तिथले. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा तिथेच केली, मुक्तिभूमी बघितल्याशिवाय येवला सोडू नका.

पैठणीवाली :
दोन्ही बघता येतं की. विणकरांचं पोट त्या पैठणीवर आहे, म्हणून मी लिहिते.

चालती_फिरती :
साडी घ्यायची नाहीये. मुक्तिभूमी बघणार. पण मुक्कामाचं कुणीच सांगितलेलं नाही!!

सातमाळा :
लॉजवाल्याला फोनवर विचारलं की नाहीच म्हणतो. समोर जा, कुत्रा दाखवा, त्याची चादर आपली आहे आणि घाण झाली तर आपण साफ करू हे सांगा. चांदवड आग्रा महामार्गावर आहे, लॉज मिळतात. उजेड असताना पोचा, म्हणजे एकाने नकार दिला तर दुसरीकडे जाता येतं. तंबू नको, बिबट्याचं वर लिहिलंच आहे. सिन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला, त्यात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा होता. ब्रुनोला रात्री खोलीतच झोपवा.

गोंदेश्वरही पुरातत्त्व खात्याकडे आहे. संरक्षित वास्तूत जनावर आणायला १९५९ च्या नियमांत मनाई आहे. तिथेही आलटून पालटून जा. यादवकाळातलं पंचायतन आहे, घाईने बघायची जागा नाही.

माळरान :
धनगरांचे वाडे (मेंढ्यांसह तळ) उतरलेले असतील तर मेंढ्यांपासून लांबून जा. त्यांची कुत्री राखणीची, पट्टा लावलेल्या कुत्र्याला पळता येत नाही. आधी हाक मारा, धनगर आपली कुत्री आवरतो.

चालती_फिरती :
ठरलं. उद्या सकाळी ब्रुनोला डॉक्टरांकडे नेते. त्यांनी चढायला हो म्हटलं तरच अंकाई. नाही म्हणाले तर भाऊ एकटा वर जाईल आणि मी ब्रुनोला घेऊन गावात थांबेन. नांदूर, गोंदेश्वर, रंगमहाल पाळीपाळीने. हार्नेस आज मागवला, छातीचं माप ८० सेंटिमीटर आहे, एल बरोबर ना?

गुरांची_डॉक्टर :
अक्षरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचं एल वेगळं असतं. पुढच्या पायांच्या मागून मोजलं का ८०? घातल्यावर दोन बोटं आत गेली पाहिजेत. आणि निघण्याआधी घरात रोज थोडा वेळ घालून फिरवा, नव्या पट्ट्याने काखेत सालटी निघतात.