मदत हवी आहे : डायनोसॉर गवत खात होते, असे फलकावर लिहावे का?

नमस्कार मंडळी,
आठवीच्या मुलांसोबत विज्ञान प्रदर्शनासाठी एक फलक तयार करीत आहे. विषय आहे चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे सापडणारी डायनोसॉरांची अश्मीभूत विष्ठा, म्हणजेच कोप्रोलाइट. वंदना प्रसाद, अशोक सहानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विष्ठेत गवताचे फायटोलिथ, म्हणजे वनस्पतीच्या पेशींत साचलेले सिलिकाचे सूक्ष्म कण, सापडल्याचे २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. तोवर गवताचे खात्रीचे जीवाश्म साधारण साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचे मानले जात आणि डायनोसॉर तर सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीच संपले होते, त्यामुळे मुलांना हा शोध फारच आवडला आहे. त्यांना 'डायनोसॉर गवतावर जगत होते' असा मथळा हवा आहे. मला तो खटकतो. विष्ठा नेमकी कोणाची, हे कशावरून ठरवले? आणि फायटोलिथ मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतील का?

प्रतिसाद :
आपली शंका रास्त आहे. विष्ठेवर धन्याचे नाव नसते. त्याच थरांत टायटॅनोसॉर या अजस्र, लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची हाडे मिळतात, म्हणून ती त्यांची मानली जाते. शिवाय तिच्यात ताड-माड, सूचिपर्णी आणि द्विदल वनस्पतींचेही अवशेष आहेत आणि गवताचा वाटा थोडाच आहे. या प्राण्यांना दळणाऱ्या दाढा नव्हत्या. ओरबाडलेला पाला न चावता गिळायचा आणि पोटातील सूक्ष्मजीवांकडून आंबवून घ्यायचा, अशी त्यांची पचनाची रीत असावी, असे मानले जाते. तेव्हा 'डायनोसॉर इतर पाल्याबरोबर गवतही खात असावेत' हा मथळा योग्य ठरेल.

प्रयोगासाठी भाताचे तूस घ्यावे. ते आपल्या देखरेखीखाली पांढरी राख होईपर्यंत जाळून, चिमूटभर राख पाण्याच्या थेंबात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठी करून पाहिल्यास दोन शिंगांसारखी टोके असलेले कण दिसू शकतील. सेंद्रिय भाग जळतो किंवा कुजतो, सिलिका मात्र उरते. भातच सुचवण्याचे आणखी एक कारण असे, की पिसदुऱ्याच्या विष्ठेत भाताच्या जवळच्या गवतांचे फायटोलिथ असल्याचे याच अभ्यासकांनी २०११ मध्ये मांडले आहे.