चॅरिटी रनमध्ये वॉटर पॉइंट मिळालाय: ६०० धावपटू, आम्ही १४ जण. पाणी किती आणि मांडणी कशी?

शहापूर_गल्ली
नमस्कार मंडळी. डिसेंबरात बेळगावात लहान मुलांच्या ऑपरेशनला निधी जमवण्यासाठी दौड आहे, २१ आणि १० किमी. आमच्या युवक मंडळाच्या १४ पोरापोरींना खानापूर रोडवरचं एक टेबल दिलंय. १० किमीवाले आमच्या अलीकडेच वळतात. २१ वाले ६०० जण जाताना आणि येताना, दोन्ही वेळा आमच्या समोरून जाणार. पाणी, ग्लास, टेबलं संयोजक देतील, पण आकडा आम्ही कळवायचा. माणसं कशी वाटायची, आणि कोण कोसळला तर काय करायचं, तेही सांगा की.

देसूर_लाँगरन
आधी पाण्याचा हिशोब करा. थंडीत सकाळी जाताना माणशी एक ग्लास पुरतो, येताना ऊन चढलेलं असतं, दोन धरा. ६०० + १२०० = १८०० ग्लास. २०० मिलीचा कागदी ग्लास १५० पर्यंतच भरायचा. काठोकाठ भरला तर निम्मं पाणी अंगावर सांडतं आणि पळता पळता ठसका लागतो. म्हणजे २७० लिटर, २० लिटरचे १४ जार. डोक्यावर ओतायला आणि हात धुवायला ४ जास्तीचे. १८ जार आणि २००० ग्लास कळवा. बाटल्या नकोच. दोन घोट पिऊन फेकतात आणि ती गोल बाटली मागच्याच्या पायाखाली येते.

आता खरी चूक कुठं होते ते सांगतो. पुढचे शंभरएक जण वेगात असतात, घोटभर घेतात. मागचे चालत-पळत येणारे अडीच-तीन तास उन्हात असतात, ते दोन-तीन ग्लास पितात. चॅरिटी रनला असेच लोक जास्त, कित्येक जण पहिल्यांदाच २१ करणारे. आणि नेमकं त्यांच्यापर्यंत पाणी संपलेलं असतं. पाण्याची ठिकाणं साधारण दर ५ किमीला असतात, म्हणजे तुमचं टेबल कोरडं पडलं तर त्या माणसाला १० किमी पाण्याविना काढावे लागतात. म्हणून ८ जार शेवटच्या टेबलामागं वेगळे ठेवा, वर चादर टाका, आणि परतीची गर्दी सुरू होईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. एका माणसाला तेवढ्याचीच जबाबदारी द्या.

जारच्या नळानं ग्लास भरत बसू नका, फार वेळ जातो. स्वच्छ झाकणाच्या बादलीत पाणी ओतून जगनं भरा. पहिला धावपटू यायच्या आत ३०० ग्लास भरलेले हवेत. टेबलावर जागा पुरत नाही, तर भरलेल्या ग्लासांवर जाड पुठ्ठा ठेवून दुसरा थर लावा. रिकामे ग्लास वाऱ्यानं उडतात, ते खोक्यातच राहू देत.

निपाणी_मार्शल
मांडणी: जाताना डावीकडं सहा फुटी तीन टेबलं, मध्ये दहा-दहा पावलं अंतर. परतीची गर्दी सुरू झाली की दोन टेबलं पलीकडच्या कडेला न्या. पाण्यासाठी कुणाला रस्ता ओलांडायला लावू नका. ४ जण भरायला, ६ द्यायला, २ कचऱ्याला, १ राखीव पाण्यावर, १ फोन आणि प्रथमोपचाराला.

ग्लास द्यायची पद्धत असते. मधोमध मुठीत धरला तर घेणाऱ्याच्या बोटांना जागाच राहत नाही. उघड्या तळव्यावर ठेवा, नाहीतर वरची कड दोन बोटांत धरा. हात बाजूला लांब करा, तो ओढून घेईल तसा सोडा. पहिल्या टेबलावर झुंबड उडते, म्हणून तिथला माणूस ओरडत राहू दे: "पुढं या, पुढं मोकळं आहे." हुबळी-धारवाडकडचे बरेच असतील, तर कानडीत "नीरु, मुंदे" (पाणी, पुढं) हेही म्हणा.

ओआरएसचं टेबल शेवटी, ग्लासावर पेननं फुली. नाहीतर पाणी समजून डोक्यावर ओततात, डोळे चुरचुरतात आणि अंग चिकट होतं. २०.५ ग्रॅमचं पाकीट बरोबर एक लिटरलाच. घट्ट केलं की पोटात कळ येते. केळी सालासकट अर्धी कापा, आणि सालाची बादली तिथंच हाताशी. ओल्या डांबरावर कागदी ग्लास आणि साल दोन्ही घसरवतात, म्हणून डबे ३० पावलांवर एक, १०० वर दुसरा.

गाड्या अडवणं पोलिसांचं काम. तुम्ही फक्त धावपटूला सावध करा.

कॅम्प_नर्सिंग
कोसळण्याबद्दल. पोटरीत गोळा आला तर गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं नडगीकडं हळू ओढा. छातीत दुखत असेल तर पळणं तिथंच बंद, १०८ ला फोन.

बरळतोय, झोकांड्या खातोय, अंग तापलंय: हा उष्माघात धरा. थंडीच्या सकाळीही होतो, कारण उष्णता आतून स्नायूंतून तयार होते. सावलीत झोपवा, बर्फाचे ओले टॉवेल मानेला, काखेत, जांघेत, आणि वारा घाला. १०८ च्या गाडीची वाट बघत बसू नका, अंग थंड करणं लगेच सुरू करा. नीट शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही.

उलट प्रकारही असतो. प्रत्येक टेबलावर भरपूर पाणी पीत आलेला, बोटं सुजलेली, घड्याळाचा पट्टा रुतलेला, मळमळ, डोकं गरगरतंय. रक्तातलं सोडियम उतरलेलं असू शकतं. आणखी पाणी पाजलं तर बिघडतं. म्हणून आग्रह करकरून पाजू नका.

हाक मारून प्रतिसाद नाही, श्वास नाही: छातीच्या मध्यभागी मिनिटाला १००–१२० वेळा, ५ सेंटीमीटर खोल दाब, गाडी येईपर्यंत. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दाब नकळत उथळ होत जातो. फोनवर जवळची खूण आणि रस्त्याची कुठली बाजू हे आधी सांगा. नंबराच्या कागदामागं घरच्यांचा फोन आणि रक्तगट लिहिलेला असतो का, संयोजकांना विचारून ठेवा.

शहापूर_गल्ली
खूप उपयोग झाला. अजून दोन गोष्टी. टेबलावर कुंदा ठेवायचा विचार होता. आणि बघणारे लोक आमच्याकडंच देणगी देऊ लागले तर?

देसूर_लाँगरन
कुंदा शर्यतीत नको, खवा पळत्या पोटाला जड पडतो. फिनिशला ठेवा, पण लाइन ओलांडल्यावर आधी पाच-दहा मिनिटं चालू द्या. एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते.

पैसे हातात घेऊ नका. पावतीपुस्तक असलेल्या माणसाकडंच पाठवा. रोखीनं २००० रुपयांच्या वर दिलं तर देणगीवरची आयकर सवलत मिळत नाही, हेही सांगा. मोठी रक्कम असेल तर चेक किंवा ऑनलाइन.

निपाणी_मार्शल
आणि टेबल गुंडाळायचं ते शेवटच्या धावपटूमागची गाडी गेल्यावरच. ती गाडी कुठली, तिचा चालक कोण आणि त्याचा फोन नंबर काय, हे आदल्या दिवशीच घ्या.