अनुभव धागा: ओट्यावरचा वजनकाटा

अधोली: काल माळा आवरताना आजीचा पितळी तराजू हाती लागला आणि सहा वर्षांपूर्वी घेतलेला माझा डिजिटल काटा आठवला. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितले होते आणि चार पोळ्यांच्या दोन करूनही ते हलत नव्हते. शेवटी कढई काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि फोडणीला रोज ओततो तेवढे तेल ओतले, तर ते ४० ग्रॅम भरले! ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे ३६०. भाजी दोघांत वाटली तरी मोठ्या त्यागाने सोडलेल्या दोन पोळ्या जवळजवळ तशाच परत पोटात जात होत्या. पोळ्या मी तेवढ्याच ठेवल्या, तेल १५ ग्रॅमवर आणले. चार महिन्यांत ७८ किलोंवरून ७२ वर आलो. आपले अनुभव अवश्य लिहा.

जिरेमोहरी: आमच्याकडे चोर निघाला दाण्याचा कूट. साबुदाणा १०० ग्रॅम, कूट ६० ग्रॅम आणि तूप १० ग्रॅम, अशी माझी एकटीची खिचडी सुमारे ७८० कॅलरींची निघाली. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' असे आई म्हणत असे, ते शब्दशः खरे होते. शिवाय घरातल्या ज्या वाट्या मी सारख्या समजत होते, त्यांतल्या एकीत कूट दुसरीच्या दीडपट मावतो.

कच्चालिंबू: तांदूळ कच्चा मोजायचा की भात, हे आधी ठरवा. मी शिजलेला भात १०० ग्रॅम घेऊन कच्च्या तांदळाच्या ३५० कॅलरी लिहीत होतो. प्रत्यक्षात त्यात १३० च्या आसपास असतात. आठवडाभर दुपारी चार वाजता हात थरथरत आणि मी मात्र स्वतःच्या निग्रहाचे कौतुक करीत होतो.

जिरेमोहरी: @कच्चालिंबू, वाचून हसू आले, क्षमस्व. आता बरे आहात ना?

कच्चालिंबू: ठणठणीत आहे, ताई. आता पोटभर भात खातो.

माजघर: सासूबाई म्हणाल्या, "सोनं तोलावं, अन्न तोलू नये." दिवाळीत मात्र त्यांनीच काटा मागून घेतला आणि बेसनाचे सगळे लाडू ३५ ग्रॅमचे वळले. वजनाचे म्हणाल तर माझे दीड किलो उतरले आणि लाडवांनी ते परत आणले.

पाणवठा: मी दोन महिन्यांनी काटा कपाटात ठेवला. लेक काकडीही तोलू लागली होती, ते मला बरे वाटले नाही. तोवर माझी नजर बसली होती. ३० ग्रॅम कणकेचा गोळा केवढा, हे आता हाताला कळते.

कच्चालिंबू: काट्याचा आकडा भरकटतो, अशी शंका असेल तर दहा रुपयांची चार नवी नाणी ठेवून पाहा; ३१ ग्रॅमच्या आसपास भरली पाहिजेत. ओटा सपाट हवा.

माजघर: @अधोली, आजींच्या तराजूचे पुढे काय केलेत?

अधोली: चिंच लावून घासला. एका पारड्याच्या साखळीला तांब्याची तार गुंडाळलेली दिसली. तो पासंग, म्हणजे आजीचे शून्य करण्याचे बटण. तार तशीच ठेवली आहे.