माणसं टायफूनने मरतात की माणसाच्या करणीने? (फिलिपिन्स)

दर्यावर्दी:
बारा वर्षं जहाजांवर फिलिपिनो सहकाऱ्यांसोबत काढली. त्यांच्या समुद्रात वर्षाला वीसेक वादळं येतात, त्यातली आठ-नऊ किनाऱ्याला लागतात. वादळ ज्यांच्या पाचवीला पुजलेलं, तिथे हजारोंनी माणसं मरतात तेव्हा 'नैसर्गिक आपत्ती' म्हणून हात झटकणं मला मान्य नाही.

लेयते बेटावरचं ऑर्मोक घ्या. ५ नोव्हेंबर १९९१ ला तिथून गेलेलं वादळ टायफूनच्या, म्हणजे तिकडच्या तीव्र चक्रीवादळाच्या, ताकदीचंही नव्हतं. तरी पाचेक हजार माणसं गेली. वरच्या डोंगरांवरचं जंगल जाऊन ऊस आलेला, आणि खाली नदीच्या पात्रातच इस्ला व्हेर्दे नावाची गरिबांची वस्ती. काही तासांत ती जवळपास अख्खी वाहून गेली. पाऊस आभाळातून पडला, पण डोंगर बोडके कुणी केले?

आणि 'डोन्या पाझ' ही प्रवासी बोट? २० डिसेंबर १९८७, तेलवाहू जहाजाशी टक्कर. वादळाचा मागमूस नव्हता. यादीत दीड हजारच्या आत प्रवासी, मेले चार हजारांच्या वर. जास्तीची माणसं काय समुद्राने चढवली होती?

पर्जन्यमापक:
डोन्या पाझ या चर्चेत आणू नका, तो सरळसरळ गुन्हा आहे. वादळाबद्दल बोला. ८ नोव्हेंबर २०१३ चं हैयान, तिकडचं नाव योलांदा. वारा ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे. लेयते आणि सामार बेटांमधला उपसागर नरसाळ्यासारखा निमुळता होत जातो, आणि त्या निमुळत्या टोकाशी ताक्लोबान शहर. पाणी पाच-सहा मीटर चढलं. सुरक्षित म्हणून नेमलेल्या काही इमारतींतसुद्धा माणसं बुडाली. ती तर सांगितलेलं ऐकून तिथे गेली होती! सहा हजारांवर मृत्यू झाले. अशा ताकदीपुढे कुठलंही सरकार तोकडंच पडतं. प्रत्येक मृत्यूला आरोपी शोधायचा अट्टाहास मला पटत नाही.

दर्यावर्दी:
आमचा बोसन (जहाजावरच्या खलाशांचा मुकादम) ताक्लोबानचा. तो सांगतो, टीव्हीवर 'स्टॉर्म सर्ज', म्हणजे वादळाने किनाऱ्यावर चढणारं समुद्राचं पाणी, येणार म्हणून सांगत होते, पण घरात कुणालाच तो शब्द कळला नाही. वारा येणार म्हणून त्यांनी पत्रे दोरीने आवळले, खिडक्यांना फळ्या ठोकल्या. पाण्याची तयारी शून्य. "त्सुनामी म्हणाले असते तर आई टेकडीवर पळाली असती," हे तो दरवेळी म्हणतो. पुढे तिकडे कित्येकांनी हेच सांगितलं. इशारा वेळेत निघाला, पण माणसाच्या भाषेत निघाला नाही. ही चूक निसर्गाची नव्हे.

पर्जन्यमापक:
हे मानतो. तरी पिनातुबो पाहा. १५ जून १९९१ ला ज्वालामुखीचा महास्फोट झाला, नेमकं त्याच दिवशी टायफून. पावसाने राख भिजून जड झाली आणि छपरं कोसळून शेकडो माणसं दबली. या योगायोगाला कोण जबाबदार?

दर्यावर्दी:
योगायोगाला कुणीच नाही. पण स्फोटाआधी शास्त्रज्ञांचं ऐकून हजारो लोकांना हलवलं, म्हणून ते जगले. म्हणजे जमतं! मग २०२५ मध्ये पूरनियंत्रणाची कामं कागदावर पूर्ण आणि जागेवर काहीच नाही, असं का निघालं? राष्ट्राध्यक्षांना स्वतः संसदेत त्यावर बोलावं लागलं, लोक मनिलाच्या रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात टायफून आला आणि सेबू बेटावरच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या.

रेवदंडेकर:
दोघांच्याही बोलण्यात एक माणूस सुटतोय. योलांदानंतर किनाऱ्यापासून ४० मीटरच्या आत राहायला बंदी घालायचं ठरलं. ताक्लोबानच्या उत्तरेला, समुद्रातल्या कामापासून लांब घरं बांधून दिली. तिथे पाण्याचे हाल आणि धंदा नाही, म्हणून बरेच जण परत किनाऱ्यावर आले. मी कोळीवाड्यातला आहे, निसर्ग वादळात आमचंही छप्पर गेलंय. होडी पाण्यात आणि आपण डोंगराकडे, असं जगता येत नाही. 'नदीपात्रात वस्ती' म्हणताना ती माणसं हौसेने तिथे राहत नव्हती, हे आधी लिहा दर्यावर्दी.

दर्यावर्दी:
बरोबर आहे, ते मी लिहायला हवं होतं. बोसननेही घर त्याच जागी परत बांधलं. फक्त वर एक सिमेंटची खोली काढली. वादळाची बातमी लागली की त्याची आई सगळ्यात आधी तांदळाचं पोतं वर नेते.