सुमित्रा भावे: आजारांचे सिनेमे की माणसांचे?

मंजिरी_ठाणे
दिग्दर्शिका सुमित्रा भावे १९ एप्रिल २०२१ ला पुण्यात वारल्या. तेव्हापासून त्यांच्यावर जे लिहून येतं त्यात एकच पालुपद: 'देवराई' म्हणजे स्किझोफ्रेनिया, 'अस्तु' म्हणजे अल्झायमर, 'नितळ' म्हणजे कोड. मला हे अजिबात पटत नाही. आजार हे निमित्त. त्यांची नजर असायची ती आजारी माणसाला सांभाळणाऱ्या घरावर. 'देवराई'तल्या आजारी शेषइतकीच त्याची बहीण सीना माझ्या मनात घर करून आहे. भावाला शहरात आपल्याकडे आणते आणि संसार नि भाऊ यांच्यात तिची ओढाताण होते. सोनाली कुलकर्णीचा तो थकलेला चेहरा बघा एकदा.

रोखठोक_नगरकर
ताई, त्यांच्याबद्दल आदर आहेच, पण सिनेमा फार बोलका. पात्रं एकमेकांना आजार समजावून सांगायला लागली की मला शिबिरात बसल्यासारखं वाटतं. 'कासव'मध्ये तर कासवाचं रूपक शेवटपर्यंत सोडत नाहीत. सुवर्णकमळ मिळालं म्हणून हे बोलायचंच नाही का?

मंजिरी_ठाणे
जरूर बोला. पण 'देवराई' आला २००४ साली. बाहेरचं काहीतरी लागलंय म्हणून पोराला देवऋष्याकडे नेणारी घरं तेव्हा कमी नव्हती. तिथे कुणीतरी सोप्या मराठीत सांगायलाच हवं होतं. त्या मुळात समाजशास्त्राच्या, वस्तीतल्या बायकांबरोबर काम केलेल्या. 'बाई' (१९८५) हा लघुपट त्यातूनच आला.
आणि 'अस्तु' कुठे बोलका आहे? संस्कृतचे गाढे पंडित चक्रपाणी शास्त्री हत्तीच्या मागे चालत सुटतात आणि माहुताच्या बायकोपाशी पोचतात. ती कानडी बोलणारी, हे सगळं विसरलेले. तरी ती त्यांना लेकरासारखं जपते. कोण, कुठले, काही विचारत बसत नाही. अमृता सुभाषला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो याच भूमिकेसाठी. मोहन आगाशे तर मला त्यात दिसलेच नाहीत, शास्त्रीबुवाच दिसले.

पेठेतला_प्रेक्षक
मध्येच बोलतो, राग मानू नका. 'त्यांचे सिनेमे' म्हणताना सुनील सुकथनकरांचं नाव कुणीच घेत नाही. 'दोघी'पासून 'कासव'पर्यंत दिग्दर्शनाला दोघांची नावं आहेत, शिवाय बरीचशी गाणी सुकथनकरांची. कौतुक करा, पण जोडीचं करा.

मंजिरी_ठाणे
अगदी बरोबर. 'देवराई', 'नितळ', 'अस्तु', 'कासव', सगळे दोघांचे.

रोखठोक_नगरकर
'अस्तु' चांगलाच आहे, वाद नाही. पण माझ्या मते त्यांचा सर्वांत मोठा सिनेमा 'दिठी', दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा, त्यांनी एकटीने दिग्दर्शित केलेला. जन्मभर वारी केलेला रामजी लोहार, तरणाताठा मुलगा पाण्यात गेलेला, विठ्ठलावर रुसलेला. बाहेर धो धो पाऊस, गाय अडलेली, आणि तिला सोडवायला हाच हवा. रामजी झालेला किशोर कदम तिथे एक वाक्य समजावून सांगत नाही, हातच बोलतात. हे त्यांना येत होतं म्हणूनच बाकीच्या सिनेमांबद्दल माझी तक्रार आहे, आणि ती मी मागे घेणार नाही.